हाताला कळणारी खाच

(बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. चिटणीसांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, कॉम्प्युटरवरच्या आगगाडीच्या खेळासाठी घरी बनवलेली हँडलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "वहिनी, पत्रिकेत काय छापू?" शेवटी त्यांनी "छंद आणि विज्ञान" असं छापलं. त्यामुळे पुष्परचनेच्या अपेक्षेनं कुणी आलं असेल तर माफ करा. टेबलावर हे जे लाकडी काहीतरी दिसतंय, ते इंजिन आहे. म्हणजे इंजिनाचा जेवढा भाग ड्रायव्हरच्या हाताखाली येतो तेवढा.

मी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. डाग द्यायचा, तुटलेला रिओस्टॅट, म्हणजे वीजप्रवाह कमी-जास्त करायचं उपकरण, जोडायचा, मुलांनी उलटं लावलेलं मीटर जळण्याआधी काढून घ्यायचं, हे माझं काम. वडील प्रतापनगरला नॅरोगेजच्या शेडमध्ये फिटर. त्यामुळे घरात कोळशाचा नाही तरी ग्रीसचा वास असायचाच.

बडोद्याच्या माणसाला आगगाडीचं वेड असलं तर त्यात नवल नाही. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम हा वीस मैलांचा लोहमार्ग झाला. अडीच फूट रुंदीचा, देशातला पहिला नॅरोगेज. पण रूळ इतके हलके, दर यार्डाला तेरा पौंड, की त्यांना इंजिनाचं वजन पेलेना. मग डबे बैलांनी ओढले. पुढे जड रूळ टाकून १८७३ मध्ये इंजिनं नियमित धावू लागली. दहा-अकरा वर्षं रूळ आहेत, डबे आहेत, आणि पुढे बैल! माझ्या पहिल्या हँडलाची गोष्ट सांगताना मला हे बैल हमखास आठवतात.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांना शाळेत न्यायला छोटी आगगाडी होती. तिचं इंजिन आता तिथल्या संग्रहालयाच्या दाराशी आहे. ते बघताना प्रत्येक मूल पहिल्यांदा कशाला हात लावतं, हे कधी नीट पाहा. चाकाला नाही. जे हलेल असं वाटतं त्याला.

तर, खेळ. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला. आमच्या घरी तो भाच्यानं आणला. भाचा पुढे परदेशी गेला, खेळ माझ्याकडे राहिला. आता मी ओपन रेल्स वापरते. ते फुकट आहे आणि त्या जुन्या खेळातले मार्ग नि गाड्या त्यात चालतात. आपल्याकडच्या हौशी मुलांनी भारतीय इंजिनंही बनवली आहेत, माझं आवडतं डब्ल्यूडीएम-२ धरून. लांब नाकाचं, धूर ओकणारं डिझेल. मूळचं अमेरिकन, १९६२ मध्ये आलं, मग वाराणशीला बनू लागलं. पश्चिम रेल्वेवर आपण सगळे कधी ना कधी त्याच्या मागे बसलो आहोत.

हे इंजिन खेळात चालवायचं कीबोर्डवर. डी दाबलं की ताकद एक पायरी वर, ए दाबलं की एक पायरी खाली. डब्ल्यूनं पुढे, एसनं मागे, स्पेसनं भोंगा. सुरुवातीला मजा येते. मग एक दिवस लक्षात येतं की आपण गाडी चालवत नाही, टायपिंग करतोय. कळ दाबून बोट उचललं की कळ पुन्हा होती तशी. मी ताकदीच्या तिसऱ्या नॉचवर, म्हणजे पायरीवर, आहे की पाचव्या, हे बोटाला ठाऊक नसतं, पडद्यावर बघावं लागतं. आणि पडद्यावर बघत बसलं की सिग्नल जातो.

खऱ्या इंजिनात हँडल जिथे ठेवलं तिथेच राहतं. ड्रायव्हरची नजर बाहेर, हात हँडलवर, आणि कुठल्या नॉचवर आहोत ते हाताला कळतं. नॉच म्हणजे आपली खाच. माझा सगळा खटाटोप त्या खाचेसाठी आहे. रंग, दिवे, लेबलं ही नंतरची हौस.

तयार वस्तू मिळते. रेलड्रायव्हर नावाचं अमेरिकन यंत्र आहे, ओपन रेल्स ते ओळखतंही. पण ते त्यांच्या इंजिनांच्या सवयीचं. आणि खरं सांगायचं तर विकत आणलं असतं तर आज बोलायला काय उरलं असतं?

पहिलं हँडल मी पट्टीच्या लाकडाचं केलं आणि त्याला स्प्रिंग लावली सायकलच्या स्टँडची. स्प्रिंग एवढी जोरकस की हँडल ओढलं तर टेबल पुढे येई, आणि तिसऱ्या दिवशी लाकूड चिरलं. रुळापेक्षा इंजिन जड! तेव्हा ते बैल पहिल्यांदा आठवले.

दुसरं हे. ही गोल थाळी कशाची आहे, ते पुढच्या रांगेतल्या बायकांनी कधीच ओळखलं असेल. हो, पोळपाट. शिसवीचा, सासूबाईंचा, एक पाय निखळलेला. मी दोन दिवस विचार केला आणि मग पाय कापले. मूठ लाटण्याची आहे. शिसवी लाकूड घट्ट असतं, त्यात पाडलेलं भोक पसरट होत नाही. पोळपाटाच्या कडेवर मी नऊ खड्डे पाडले. एक बंदचा आणि आठ नॉचचे, कारण डब्ल्यूडीएम-२ ला आठ नॉच असतात. दोन खड्ड्यांत दहा अंशांचं अंतर, म्हणजे शून्यापासून आठपर्यंत हँडल ऐंशी अंश फिरतं.

कडेला लागून पितळी नळीचा तुकडा, पडद्याच्या दांड्याचा. नळीत स्प्रिंग, स्प्रिंगपुढे सायकलच्या मागच्या हबमधला पाव इंची छर्रा. थाळी फिरली की छर्रा खड्ड्यात पडतो. ऐका. (वक्त्या हँडल फिरवून दाखवतात.) हा टक् आवाज मिळवायला मला चार महिने लागले. खड्डा खोल झाला की छर्रा अडकतो आणि हँडल झटक्यानं सुटून दोन खाचा पुढे जातं. उथळ राहिला तर खाच कळतच नाही. छर्रा साधारण एक-तृतीयांश बुडावा. पेनची स्प्रिंग मऊ पडते, स्टँडची तर सांगितलीच. शेवटी बसली ती जुन्या स्टेपलरमधली.

विजेचा भाग त्या मानानं सोपा, पण तिथेही मी आपटले. थाळीच्या आसाला पोटेन्शिओमीटर जोडायचा, रेडिओच्या आवाजाचं बटण असतं तेच. तो फिरला की व्होल्टेज बदलतं, आर्डुइनो नावाचं छोट्या संगणकासारखं कार्ड ते शून्य ते १०२३ अशा आकड्यात वाचतं. मी खरंच जुन्या रेडिओतला काढून लावला. पहिल्या पाच खाचांना आकडा जेमतेम हलेना, शेवटच्या तिनांत एकदम उड्या मारी. आठवडाभर मी डाग तपासले, वायरी बदलल्या, कार्डाला नावं ठेवली. दोष कार्डाचा नव्हता. आपल्या कानाला आवाज चढत्या पटीनं कळतो, म्हणून आवाजाचे पोटेन्शिओमीटर बहुतेकदा तसेच, असमान वाढणारे बनवतात. आपल्याला हवा सरळ वाढणारा. दुकानात बहुधा ए आणि बी अशी खूण असते, बी मागायचा. एकतीस वर्षं रिओस्टॅट हाताळलेल्या बाईला हे आठवडाभर सुचू नये!

पोटेन्शिओमीटर जवळजवळ तीनशे अंश फिरतो आणि आपलं हँडल फक्त ऐंशी. म्हणजे १०२३ पैकी २७०-२७५ आकडेच आपल्या वाट्याला येतात, दर खाचेला चौतीसेक. तेवढे पुरतात. पण आकडा स्थिर नसतो, दोन-तीनांनी थरथरतो. दोन खाचांच्या बरोबर मध्ये हँडल असलं की खेळातलं इंजिन तीन-चार, तीन-चार असं करत राहतं. एखादा पाहुणा उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून बोलत राहतो ना, तसं. त्यावर उपाय असा की मधली रेघ नुसती ओलांडून चालत नाही, आठ-दहा आकडे आत आलात तरच आत आलात असं कार्डाला सांगून ठेवायचं.

कार्डाबद्दल एवढंच सांगते, लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. ती थेट यूएसबीवर कीबोर्ड किंवा जॉयस्टिक म्हणून वागू शकतात. जुनं उनो तसं सहजी वागत नाही. माझं कार्ड कीबोर्ड असल्याचं सोंग घेतं. हँडल तीनवरून पाचवर गेलं की ते डी दोनदा दाबतं. आता प्रश्न असा की खेळ सुरू होताना हँडल चारवर राहिलेलं असलं तर? दोघांचा हिशेब कायमचा चुकणार. म्हणून सुरू करताना मी हँडल बंदवर आणते आणि कार्ड ए दहा वेळा दाबतं. आठच पायऱ्या असल्यानं कुठूनही निघालं तरी शून्यावर पोचतंच. गावठी उपाय आहे, पण कधी चुकला नाही.

या डाव्या खुंटीचा मला सगळ्यात अभिमान आहे. हा रिव्हर्सर, गाडी पुढे की मागे ते ठरवणारा. खऱ्या इंजिनात ताकद चालू असताना तो हलवता येत नाही, आतून कुलूप असतं. मी पोळपाटाखाली एक चीर पाडली, ती फक्त बंदच्या जागी खुंटीसमोर येते. दुसऱ्या नॉचवर असताना ओढून बघा, नाही येणार. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना वाचणं वेगळं आणि लाकडानं हाताला नाही म्हणणं वेगळं.

आता ब्रेक. इथे माझी सगळी अक्कल कमी पडली आणि शेजारचे काका मदतीला आले. ते रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मी मोठ्या उत्साहानं त्यांना बसवलं. त्यांनी ब्रेकचं हँडल धरलं, इकडून तिकडे नेलं आणि म्हणाले, "हे लोणी आहे. ए-नाइन असा नसतो."

ए-नाइन म्हणजे सबंध गाडीचा ब्रेक. नुसत्या इंजिनाचा वेगळा, त्याला एसए-नाइन म्हणतात. गाडीभर एक नळी जाते, ब्रेक पाइप, तिच्यात ५ किलो दाब असतो. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला, पण असं लांबलचक कुणी म्हणत नाही. ब्रेक लावायचा म्हणजे हवा भरायची नाही, सोडायची. दाब उतरला की डब्यांखाली ब्रेक आवळतात. म्हणूनच नळी तुटली तर गाडी आपोआप थांबते. ए-नाइनच्या जागा पाच: पहिली सुटका, मग थोडा ब्रेक, मग पूर्ण, त्याच्या पुढची जास्तीची, आणि शेवटी आणीबाणी. पूर्ण ब्रेकला दाब दीड किलोनं उतरून साडेतीनवर येतो.

काकांनी विचारलं, तू थांबतेस कशी? मी दाखवलं. फलाट दिसला, ब्रेक लावला, काही होईना, अजून लावला, अजून, आणि मग गाडी फलाटाच्या अलीकडे मधेच उभी. काका हसले नाहीत. म्हणाले, "बावीस डबे म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी. हवा मागपर्यंत पोचू दे. अर्धा किलो काढ आणि हात काढून घे. मग मनात मोज." मी मोजलं. चारवर गाडी जड झाल्यासारखी वाटली. सोडतानाही तेच, नळी पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून थांबण्याच्या बऱ्याच आधी सोडायला सुरुवात.

मग आम्ही ते लोणी घट्ट केलं. आसावर नळाचे दोन चामड्याचे वायसर, मध्ये थाळी, वरून फुलपाखरी नट. नट आवळला की हँडल जड. काका डोळे मिटून हात फिरवत, "अजून... अजून... बस." आणीबाणीच्या जागेची खाच मुद्दाम खोल केली, चुकून हात तिथे जाऊ नये म्हणून, आणि गेलाच तर कळावं म्हणून.

त्यांच्याच सांगण्यावरून हे पिवळं बटण आलं, ड्रायव्हर जागा आहे हे कळवायचं. खऱ्या इंजिनात ड्रायव्हरनं ६० सेकंद कशालाच हात लावला नाही की दिवा लागतो, ८ सेकंदांनी बझर, आणखी ८ सेकंदांनी गाडी स्वतःच ब्रेक लावते. मी ते कार्डातच बसवलंय. परिणाम असा की आमच्याकडे चहा आणायला उठायचं म्हणजे गाडी उभी करूनच. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे की बझर काढ. काढणार नाही.

दाबाचा काटा अर्धवट आहे. ओपन रेल्समधून आकडे बाहेर काढता येतात, ते कार्डाला देऊन छोट्या सर्व्हो मोटरनं काटा हलतो, पण सर्व्हो चिलटासारखा किरकिरतो. कुणाला शांत मोटर माहीत असेल तर सांगा.

भोंग्याची साखळी फ्लशच्या जुन्या टाकीची आहे, हसू नका. पहिल्या दिवशी मी फाटक आलं तरी भोंगा वाजवला नाही. काका म्हणाले, तो पिवळा फलक वाचला नाहीस? रुळाकडेच्या त्या फलकावर "सी/फा" लिहिलेलं असतं. मी लहानपणापासून बघत आलेय आणि मला ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं. सीटी, फाटक. वडील फिटर असूनही कधी विचारलं नव्हतं.

आता एकेकानं या. आधी शून्यावर आणा, मग रिव्हर्सर पुढे, मग एक नॉच. उजवीकडची निळी वायर नुसती टेकवलेली आहे, तिला धक्का लावू नका. आणि लहान मुलांना पुढे सोडा, ती नाहीतरी आधीच साखळीपाशी जाऊन उभी आहेत.