मिश्री लावता का?

(पहाट. कोल्हापूरची गंगावेस. म्हशीची धार थेट पेल्यात.)

फेसाळ दूध एका दमात रिचवून पोरं तालमीकडं वळतात. कट्ट्यावरचे काका चंची सोडतात. डाव्या तळहातावर तंबाखू, नखभर चुना, अंगठ्यानं मळणं, वर दोन टाळ्या. बार गालफडात गेला. मागं भिंतीवर पाटी आहे, ‘धूम्रपान करू नये’. काका ती पाटी गेली कित्येक वर्षं इमानानं पाळताहेत.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, तोंडात धरणारे २४.४. आपल्याकडं धूर निघत नाही, म्हणून दिसतही नाही. त्यात चुन्याची करामत: त्यानं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतून झपाट्यानं रक्तात उतरतं.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. कायदा टपरीपर्यंत पोचतो. चुलीपर्यंत कसा पोचणार? निपाणीचा तंबाखू बाजार इथून चाळीसेक किलोमीटरवर. भावासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली महामार्ग अडवला होता. ज्याच्यावर घरं चालली, त्याला व्यसन म्हणायला जीभ रेटत नाही.

(गावातलं घर. आशाताई आरोग्य तपासणीचा कागद भरताहेत.)

“मावशी, तंबाखू खाता?”
“न्हाई गं बाई.”
“आणि मिश्री लावता का?”
“ती व्हय, सकाळ-संध्याकाळ. दात घासायला.”

तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखूच ती! पहिल्याच प्रश्नावर थांबलं, तर मावशी कागदावर निर्व्यसनी. तिशीपुढच्या माणसांचं तोंड तपासायचं, कर्करोगाची चाहूल देणारा पांढरा-लाल चट्टा शोधायचा, हे सरकारी कामच आहे. पण त्याची सुरुवात अशी योग्य शब्दानं होते.

सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्या पोरांसाठी आणखी सोपी परीक्षा: तोंडात तीन बोटं उभी जातात का? सुपारीनं गाल आतून ताठरतो, मग घास घेणंही अवघड होतं.

काकांनी अखेर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक फिरवला. पहिला आठवडा चिडचिडीचा गेला. तंबाखूमुक्ती केंद्रात निकोटिनचं च्युइंग गम मिळालं. समुपदेशक ताई समजावत होत्या, “सारखं चावायचं नाही. चव झोंबली की गालात धरून ठेवायचं.”

काका हसले. “ते न्हाई शिकवायला लागत, ताई.”