टाचेखालची पट्टी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते मोटरसायकलच्या गिअर लिव्हरच्या मागच्या भागाबद्दल. ज्यावर आपण टाच मारतो, ती पट्टी.

माझा बूट दहा नंबरचा, गाडी साडेतीनशे सीसीची. पुढच्या आणि मागच्या पट्टीच्या मध्ये तो बूट जेमतेम मावतो. गावात फिरताना काही वाटत नाही, पण दोन तास सलग गाडी चालवली की पाऊल जरा मागं घ्यावंसं वाटतं, आणि मागं तर जागाच नाही. आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर चढत होतो. वळणावर ॲक्सिलेटर सोडला, टाच पट्टीवर टेकलेलीच होती, चौथा पडला. गाडी गचके खायला लागली आणि मागून एसटीवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही. घरी आल्यावर ठरवलं, ही पट्टी काढायची.

काढायच्या आधी एक गोष्ट बघा. तुमच्या गाडीत टाच नेमकं काय काम करते? माझ्या गाडीत पहिला गिअर खाली आणि बाकीचे चार वर. टाच दाबली की लिव्हरचं पुढचं टोक वर जातं, म्हणजे टाचेनं गिअर वाढतात. पट्टी गेली तर चवड्यानं लिव्हर वर उचलायची, एवढाच फरक. स्प्लेंडरचं गणित उलटं. तिचे चारही गिअर चवड्यानं पुढं दाबून पडतात आणि टाचेनं कमी होतात. तिथं पट्टी काढली, तर सिग्नलजवळ ब्रेक मारता मारता प्रत्येक गिअर चवड्यानं उचलून कमी करावा लागेल. सवय होते म्हणा, पण पहिला आठवडा गर्दीत जाऊ नका.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना हा लिव्हर अखंड असतो, त्यामुळे नुसती मागची पट्टी सुटत नाही. गॅरेजमध्ये मला सांगितलं, 'आरीनं कापून टाकू, पाच मिनिटांचं काम.' मी नको म्हटलं. कापलेलं परत जोडायचं म्हणजे वेल्डिंग आलं. त्यापेक्षा आपल्या गाडीला बसणारा, फक्त चवड्याचा लिव्हर घ्यावा आणि जुना जपून ठेवावा.

काम सोपं आहे. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. आधी लिव्हर आणि तो ज्या दांड्यावर बसतो त्या शाफ्टवर मार्करनं एक रेघ मारा, म्हणजे कोन चुकत नाही. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता सैल करून लिव्हर ओढू नका, कारण बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. आणि हातोडी तर अजिबात नको! शाफ्टला बारीक दाते असतात. नवा लिव्हर त्यांच्यावर बसवताना एक दाता पुढं-मागं करून बघा. बोल्ट सैल राहिला तर लिव्हर डुगडुगतो, दाते झिजतात, मग गिअर पडायचाच बंद होतो. खरं तर जागा थोडीच कमी पडत असेल, तर जुनाच लिव्हर एक दाता फिरवून आधी बघावा. माझं त्यानं भागलं नाही.

टाचेला काम देण्याची खोड आपल्या रस्त्यांवर जुनीच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असायचा आणि त्याच्यामागं टाचेनं दाबायचा आणखी एक छोटा लिव्हर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातून थेट न्यूट्रल! ज्यांनी तो वापरलाय ते अजून हळहळतात.

नव्या लिव्हरनं माझा बूट मोकळा झाला. पण दर बुधवारी गाडी बाजाराला न्यायची ती वडिलांनी, पायात कोल्हापुरी घालून. पहिल्याच बुधवारी परत आले ते अंगठा चोळत. 'उचलायचा कशानं रे हा? चपलेला वर काय असतं?' म्हणाले. बूट घातला तर लिव्हर उचलून उचलून त्याच्या चामड्यावर काळा डाग पडतो, तो वेगळाच. पॉलिश करून कचेरीत जाणाऱ्यांना तो सोसत नाही.

जुना लिव्हर आता खुंटीवर असतो. मंगळवारी रात्री मी दहाचा पाना घेऊन बसतो.