डेंटन आपल्यापासून लांब नाही

नमस्कार मंडळी.

"अरंगेत्रमला, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला, आपली सगळी माणसं येतात. माझ्या बँडला आपल्यातलं कोण येतं?" परवा जेवताना आमची मुलगी तिच्या बाबाला म्हणाली. ती शाळेच्या जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते आणि तिला पुढे डेंटनलाच जॅझ शिकायचंय. बाबाचं म्हणणं, कॉम्प्युटर सायन्स घे, वाजवायला शनिवार-रविवार आहेत. तो वाद अजून मिटलेला नाही. पण तिचा प्रश्न मला जास्त लागला, कारण तो आपल्या सगळ्यांना आहे.

टेक्ससमधलं डेंटन डॅलसपासून चाळीसेक मैलांवर. अमेरिकेतली जॅझची पहिली पदवी तिथे, आजच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्ससमध्ये, १९४७ साली सुरू झाली. 'जॅझ' हा शब्द तेव्हा कॉलेजला चालण्यासारखा नव्हता, म्हणून कागदोपत्री 'डान्स बँड'. तिथले बँड तालमीच्या वेळेवरून ओळखले जातात. एक वाजता बसणारा तो 'वन ओक्लॉक लॅब बँड'. त्याच्या 'लॅब ७५' या रेकॉर्डला ग्रॅमीचं नामांकन होतं. अमेरिकेतला नावाजलेला जॅझ बँडप्रमुख स्टॅन केंटन याने आपल्या बँडचं सगळं लिखित संगीत या विद्यापीठाच्या नावे ठेवलं. रविशंकरांची मुलगी नोरा जोन्स जॅझ पियानो शिकायला इथेच आली.

आणि हे संगीत आपलं नाही, असं कृपा करून म्हणू नका. गणपतीत 'अलबेला' सिनेमाच्या गाण्यांवर कोण नाचलं नाही? त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, आपले अण्णा; त्यांचा सहायक होता गोव्यातल्या अल्दोण्याचा चिक चॉकलेट. मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये जॅझ वाजवणारा ट्रम्पेटवाला! भगवानदादांच्या पावलांमागचं ते ब्रास, ते पितळी वाद्यांचं संगीत, जॅझमधून आलं.

मग लेकीच्या बँडला आपण का जात नाही? भारतातून कलाकार आणतो, हॉल भरतो, मला त्याचा अभिमान आहे. पण यंदाच्या गणेशोत्सवात डेंटनच्या विद्यार्थ्यांनाही बोलवू या. मानधन देऊन बोलवू या. 'नाव होईल, फुकट वाजवा' हे त्यांना आपल्याकडून ऐकायला लागू नये.

दुसरं, शिष्यवृत्ती. बाहेरच्या राज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, तर टेक्ससच्या कायद्याप्रमाणे त्याला इथल्या रहिवाशांच्या दराने फी लागू शकते. म्हणजे आपली रक्कम छोटी असली तरी एखाद्याचं अख्खं वर्ष सावरू शकते. एका वर्षाच्या नाट्यप्रयोगाच्या खर्चापुढे १,००० डॉलर किती? दर वर्षी तेवढे आपण विद्यापीठाच्या जॅझ शिष्यवृत्तीला देऊ, एवढं आज ठरवू या.

वर्गणीची वही चहाच्या टेबलावर आहे. पैसे जमतील, त्याची मला चिंता नाही. पदवीनंतर घरभाडं कशातून द्यायचं, हा बाबाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यावर मी मुलीला अजून काहीच सांगू शकलेले नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे बोलणं झालं असेल, तर जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी बोला.