हरूदे की आज!

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. १४ तारीख संपून १५ लागली होती, रात्रीचे साडेबारा वाजलेले. कोल्हापुरात आमच्या माडीवर टीव्ही लावून चार पोरं बसली होती. उकाड्यानं झोप येईना म्हणून मीही उशी घेऊन त्यांच्यात जाऊन बसलो. माझा पुतण्या टॉटनहॅमचा, म्हणजे लंडनच्या एका फुटबॉल क्लबचा भक्त. लंडन त्यानं नकाशातच पाहिलेलं, पण अंगात पांढरी जर्सी. सामना टॉटनहॅमच्या घरच्या मैदानावर, समोर मँचेस्टर सिटी. मी आपलं सहज विचारलं, "काय रे, जिंकतंय काय तुझं आज?"

तर म्हणाला, "नको काका. आज हरूदे."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. आयुष्यभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस मी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या नावांचे संघ आणि त्यांच्यासाठी घसा फोडणाऱ्या पेठा बघत मोठा झालो. आपली तालीम हरावी म्हणून कुणी देवाला नारळ बोललेला मी पाहिला नव्हता.

मग त्यानं हिशेब सांगितला. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची फुटबॉल लीग, शेवटच्या आठवड्यात आलेली. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. आर्सेनल ८६ गुणांवर, एक सामना शिल्लक. सिटी ८५ वर, दोन शिल्लक. टॉटनहॅमनं सिटीला नुसतं बरोबरीत रोखलं तरी गोलफरकावर आर्सेनल वर राहणार आणि बहुधा विजेतेपद घेऊन जाणार. आणि आर्सेनल म्हणजे टॉटनहॅमचा शेजारी. उत्तर लंडनमध्ये दोघांच्या मैदानांत सहा-सात किलोमीटरचं अंतर. त्यातही टॉटनहॅमवाल्यांच्या लेखी आर्सेनल हा उपरा. हा क्लब मुळात थेम्सच्या दक्षिणेचा, १९१३ साली उठून ह्यांच्या अंगणात येऊन राहिला. पुढं १९१९ मध्ये पहिल्या श्रेणीत जागा वाढल्या, तेव्हा मतदान होऊन खालच्या श्रेणीतल्या आर्सेनलला वर घेतलं आणि टॉटनहॅमला खाली ढकललं. शंभर वर्षं झाली, पण भाऊबंदकीत शंभर वर्षं म्हणजे काय! बांधाचा दगड कुणी सरकवला हे तर आपल्याकडं पणतूसुद्धा सांगतो.

आपल्या भाषेत ह्याला नेमकी म्हण आहे: स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. सवतीची दुसरी एक म्हण आहे ती ह्याहून चपखल बसते, पण ती रेडिओवर म्हणत नाही. तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि नाक खरोखरच कापलं जाणार होतं बरं का. टॉटनहॅम ६३ गुणांवर होतं, दोन सामने हातात. चौथ्या क्रमांकावरची ॲस्टन व्हिला ६८ वर. दोन्ही जिंकले असते तर ६९ गुण होऊन चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचं दार उघडलं असतं. पोरांमधला एकजण हेच घसा ताणून सांगत होता, "अरे येड्या, युरोप जाईल हातचं!" त्यावर पुतण्याचं उत्तर मला अजून आठवतं. म्हणाला, "युरोप पुढच्या वर्षी परत येईल. आर्सेनल जिंकलं तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. हापिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आर्सेनलवाला बसतोय. तू बसत नाहीस."

वाद रंगला. एकाचं म्हणणं, समर्थक म्हणजे लग्नाचा नवरा, कुठल्याही परिस्थितीत साथ सोडायची नाही. दुसऱ्याचं म्हणणं, आपण काय पगार घेतो का क्लबचा? मनात काय आणायचं ते आपलं आपण ठरवू. मी गप्प बसून ऐकत होतो. टॉटनहॅमचे प्रशिक्षक अँजी पोस्टेकोग्लू ह्या सगळ्या प्रकारानं वैतागले होते. त्या रात्री त्यांच्या मागच्या रांगेतल्या एका प्रेक्षकाशी त्यांची खडाजंगीही झाली. मेलबर्नमध्ये वाढलेला माणूस, त्याला ही भाऊबंदकी कुठून कळणार?

उत्तरार्धात ५१ व्या मिनिटाला सिटीच्या हालंडनं गोल केला, सिटी पुढं. आणि टॉटनहॅमच्याच मैदानावर घरचे प्रेक्षक गाऊ लागले, आर्सेनल बघताय ना? माडीवरही टाळ्या पडल्या. मग आलं ८६ वं मिनिट. टॉटनहॅमचा कप्तान सन ह्युंग-मिन चेंडू घेऊन एकटा सुटला. पुढं फक्त गोलकीपर. तिकडं सिटीचे प्रशिक्षक पेप गार्डिओला, मैदानाच्या कडेला, डोक्याला हात लावून चक्क उताणे पडले. आणि इकडं आमचा पुतण्या? हरूदे हरूदे म्हणणारा? खुर्ची मागं उडाली, पाण्याचा तांब्या लवंडला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हाण!"

सननं मारला. सिटीचा बदली गोलकीपर ऑर्टेगा, त्यानं पाय घालून अडवला. पुतण्या खाली बसला. माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. थोड्या वेळानं हालंडनं पेनल्टी मारून दोन-शून्य केलं. सिटी ९१ गुणांवर विजेते ठरले, आर्सेनल ८९ वर राहिलं, टॉटनहॅम पाचवं.

तर मुद्दाम हरावं का? मला स्वतःला वाटतं, पायऱ्यांवरच्या माणसानं काहीही इच्छावं. त्याच्या इच्छेनं चेंडू इंचभरही हलत नाही. १९९५ मध्येही योगायोगानं १४ मेलाच असाच पेच होता. लिव्हरपूलच्या मैदानावर ब्लॅकबर्न खेळत होतं. ब्लॅकबर्न हरलं असतं तर विजेतेपद मँचेस्टर युनायटेडला जायची भीती, आणि युनायटेड म्हणजे लिव्हरपूलचा जन्माचा वैरी. शिवाय ब्लॅकबर्नचे व्यवस्थापक केनी डालग्लिश, म्हणजे लिव्हरपूलचाच लाडका जुना खेळाडू. लिव्हरपूलच्या लोकांना त्या दिवशी हरायला अडचण नव्हती. पण खेळाडूंनी काय केलं? भरपाईच्या वेळेत जेमी रेडनॅपनं फ्री किक जाळ्यात घातली आणि सामना जिंकला, दोन-एक. सुदैवानं तिकडं लंडनमध्ये युनायटेडला वेस्ट हॅमनं एक-एक असं अडवलं. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. हरलेला संघ विजेता, जिंकलेल्यांचे प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतायत. असं सगळं जमून येणं फार विरळा.

एरवी काय होतं, ते कुस्तीच्या गावाला सांगायला नको. खासबागेत दोन पैलवान नुसते खांद्याला खांदा लावून फिरायला लागले की प्रेक्षकांना पाचव्या मिनिटाला वास येतो. नुरा कुस्ती! फुटबॉलमधली सगळ्यात गाजलेली नुरा कुस्ती २५ जून १९८२ ची. विश्वचषक, स्पेनमधलं खिखोन शहर, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढं जाणार, त्यांच्याच गटातला अल्जीरिया घरी. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या रूबेशनं गोल केला आणि मग दोन्ही संघांनी ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडं सारला. अल्जीरियाचे लोक प्रेक्षागारातून नोटा फडकावत होते. ऑस्ट्रियाच्या टीव्हीवरच्या समालोचकानं तर प्रेक्षकांना सरळ संच बंद करायला सांगितलं. माइकपुढं बसणाऱ्या माणसावर ही वेळ यावी! मला तर इथं बसूनही कसंसंच होतं.

ह्यात लक्षात घ्या, कोण बुडालं? मैदानात होते ते दोघंही तरले. अल्जीरियानं नऊ दिवसांपूर्वी त्याच जर्मनीला दोन-एक हरवलं होतं, आदल्या दिवशी चिलीला तीन-दोननं हरवलं होतं. आता त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. मुद्दाम हरण्याच्या, मुद्दाम न खेळण्याच्या प्रत्येक गोष्टीत असा एक तिसरा असतो. त्याचा सामना आधीच संपलेला असतो आणि तो नुसता बघत बसतो. टॉटनहॅमच्या पोरांचा वाद ऐकताना मला हेच खटकत होतं. ते आपण आणि आर्सेनल एवढंच बोलत होते. मुद्दाम हरणाऱ्याचा हात शेवटी कुणाच्या ताटात जातो, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

हा तिसरा कधीकधी आपल्याच घरातला निघतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत, पुढच्या फेरीत सोपी जोडी समोर यावी म्हणून, चार जोड्या मुद्दाम हरायच्या प्रयत्नात सापडल्या. सर्व्हिसच जाळ्यात मारायच्या. चारही बाद झाल्या. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा गुणफरकावर बाहेर पडल्या. त्यांच्या गटात जपानची जोडी चिनी तैपेईकडून हरली, त्या सामन्यावर भारतानं आक्षेप घेतला आणि तो फेटाळला गेला. ज्वालाचा जन्म वर्ध्याचा, हे किती जणांना ठाऊक असतं?

आणि गोवा! २००४ मध्ये गोव्यातल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये दोन निकाल लागले. एक ५५-१. दुसरा ६१-१. मी शिंतोडे उडवत नाही, आकडेच तसे आहेत. वरच्या श्रेणीत जायला गोलफरक हवा होता, म्हणून एकीकडं विल्रेड लेजर आणि दुसरीकडं कुडतरी जिमखाना, दोघांना समोरच्यांनी मोकळं रान दिलं. नव्वद मिनिटांत बासष्ट गोल म्हणजे दर दीड मिनिटाला एक. त्यात प्रत्येक गोलानंतर चेंडू मध्यावर आणून ठेवायचा असतो हे विसरू नका. जाळ्यातून चेंडू काढणाऱ्या त्या गोलकीपरची कंबर किती दुखली असेल! चारही क्लबांवर वर्षभराची बंदी आली. मला त्यातला तो एक गोल फार आवडतो. साठ खाल्ले, पण एक मारला. तो कुणी आणि कोणत्या उमाळ्यानं मारला असेल?

१९९८ च्या टायगर कपमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेत तर कहर झाला. थायलंड आणि इंडोनेशिया दोघांनाही हरायचं होतं, कारण जिंकणाऱ्याला उपांत्य फेरीत हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळावं लागणार होतं. दोन-दोन अशी बरोबरी असताना, सामना संपत आलेला, इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेन्दीनं चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला आणि थायलंडचे खेळाडू त्याला अडवायला धावले! शत्रूचा गोल वाचवायला धावणारे असे खेळाडू पुन्हा दिसायचे नाहीत. एफेन्दीवर आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी आजन्म बंदी आली, दोन्ही संघांना चाळीस चाळीस हजार डॉलरचा दंड झाला. आणि उपांत्य फेरीत दोघंही हरले. करंडक नेला सिंगापूरनं.

एवढा हिशेब करून हाती काय लागतं, ते २०१८ च्या विश्वचषकात पुन्हा दिसलं. इंग्लंड-बेल्जियम सामन्यात हरणाऱ्याला सोपी बाजू मिळणार होती. इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रांपासून गुत्त्यांपर्यंत चर्चा, हरलेलं बरं का? इंग्लंडनं संघात आठ बदल केले, बेल्जियमनं नऊ, आणि इंग्लंड एक-शून्यनं हरलं. सोपी बाजू मिळाली. पुढं दोघंही उपांत्य फेरीतच थांबले आणि तिसऱ्या जागेसाठी परत एकमेकांसमोर आले. बेल्जियमनं परत हरवलं, दोन-शून्य.

दोष पोरांचा कमी, तक्ता आखणाऱ्यांचा जास्त. खिखोननंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करायची पद्धत आली, ती आजही आहे. अमेरिकेतल्या एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये तर नियमच असा की तळाला राहणाऱ्याला नवे खेळाडू निवडायचा पहिला मान, त्यामुळं तिथले समर्थक डिसेंबर आला की उघड म्हणतात, आता हरा. इंग्लंडमध्ये तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, म्हणून तिथं हा वाद वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या रात्रीपुरता येतो.

आमच्या माडीवरची ती रात्र मात्र पुढं सरकली. पुढच्या हंगामात टॉटनहॅमनं लीगवरचं लक्षच काढलं. युरोपा लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेसाठी चांगले खेळाडू राखायचे आणि लीगमध्ये उरलेले उतरवायचे. ३८ पैकी २२ सामने हरले, सतरावा क्रमांक आला. आणखी एक पायरी घसरली असती तर खालच्या श्रेणीत. मी पुतण्याला टोचून बोलायची संधी सोडत नव्हतो. मग २०२५ च्या मेमध्ये बिल्बाओला अंतिम सामना झाला. मँचेस्टर युनायटेडला एक-शून्य हरवून टॉटनहॅमनं चषक घेतला, सतरा वर्षांनी पहिला. आणि त्याबरोबर चॅम्पियन्स लीगची तीच जागा, जी त्या रात्री हातची गेली होती. पोस्टेकोग्लूंना मात्र क्लबनं सोळा दिवसांत नारळ दिला.

मध्यरात्र उलटून अडीचच्या सुमाराला पुण्याहून पुतण्याचा फोन आला. पलीकडं नुसता आरडाओरडा. मी म्हटलं, "अभिनंदन. पण लेका, एवढे बावीस सामने मुद्दाम हरलात की रे!"

तो म्हणाला, "मुद्दाम कुठलं काका. ते बावीस आम्ही अगदी मनापासून हरलो."