नाक थंड पडलं म्हणजे घाबरला काय?

हा थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णतेचं चित्र दाखवणारा, खरं तर कारखान्यातला, बेळगावात उद्यमबागेकडं फाउंड्री-मशीन शॉपवाल्यांच्या कामाचा, पॅनलमधलं कुठलं कनेक्शन ढिलं होऊन तापलंय ते लगेच दाखवतो. आज तो आपण शहापूरच्या एका काकांच्या तोंडासमोर लावलाय. स्क्रीनवर बघा, डोळ्यांचे आतले कोपरे पांढरे, म्हणजे सगळ्यात गरम, गाल नारिंगी, नाकाचा शेंडा जरा गार. श्वास घेतला की नाकपुड्या निळ्या, सोडला की परत लाल. लाईट घालवली तरी हे असंच दिसणार, कारण कॅमेऱ्याला उजेड लागतच नाही, अंगातून जी इन्फ्रारेड किरणं बाहेर पडतात ती तो टिपतो, 8 ते 14 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासची.

आता काकांना सांगितलंय, 1000 मधून 17 वजा करत चला, मोठ्यानं, आणि मागं चार पोरं बघत उभी केल्यात. 983... 966... 949... इथं गाडी अडकली, आणि नाकाकडं बघा, हळूहळू निळं पडायलंय. ताण आला की नाकाच्या शेंड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, गरम रक्त कमी पोचतं, झालं. "भ्यालो नव्हतो ओ, वजाबाकी येईना!" असं काकांचं म्हणणं, आणि मला ते पटतंय.

कारण कॅमेरा रक्त बघतो, मन नाही. 2002 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत पाव्हलिडिस आणि सहकारी संशोधकांनी छापलं की खोटं बोलताना डोळ्यांभोवती उष्णता वाढते, मग काय, लगेच विमानतळावर चोर पकडायच्या गोष्टी सुरू. पण खरं बोलणारा माणूससुद्धा पोलिसासमोर घाबरतोच की! आणि जपानमधल्या 2008 च्या एका अभ्यासात तर खुदूखुदू हसणाऱ्या बाळांचं नाक थंड पडलेलं दिसलं, आता बोला.

त्यात आपलं हवामान. जुलैत खानापूरहून पावसात गाडीवर आलेल्या माणसाचं नाक मुळातच गार, आल्या आल्या कडक चहा घेतला की चित्र परत बदललं. म्हणून आधी माणसाला पंधरा-वीस मिनिटं खोलीत नुसतं बसवतात, फॅन बंद, चष्मा काढून, कारण काच ही उष्णता अडवते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे गोल दिसतात. मग त्याचं शांत बसलेलं रीडिंग घ्यायचं आणि पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून बघायचं, शेजारच्याशी नाही. उद्या कुणी इंटरव्ह्यूला असला कॅमेरा लावून तुमच्या मनातलं सांगतो म्हणाला, तर ते पहिलं रीडिंग कधी घेतलं तेवढं विचारा.