दाढेच्या गोळीची गोष्ट

(पहाट. मिरज स्टेशनाबाहेरचा रस्ता. रुग्णवाहिकेचा भोंगा.)

मिरजेत रिक्षावाल्याला नुसतं ‘दवाखान्यात चल’ म्हटलं, तर तो विचारणार, ‘कुठल्या?’ विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं. आज सांगली जिल्ह्यातूनच काय, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसं दुखणं घेऊन या गावात उतरतात.

तासगावकडून आलेल्या या मावशी. त्या कुणी एक नाहीत. हृदयाची झडप बदललेल्या अनेकींच्या हकिकती जुळवून आपण त्यांना उभं केलंय.

झडप धातूची. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी. सगळं सुरळीत होतं. मग दाढ ठणकायला लागली. मेडिकलमधून जंतू मारणारी मेट्रोनिडाझोल आणि दुखण्याची एक गोळी आणली. चार-पाच दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. घरच्यांना वाटलं, दाढेचंच असणार. दंडावर काळेनिळे डाग उठले, तरी कुणी मनावर घेतलं नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तेव्हा कुठं मुलानं गाडी काढली.

‘मावशी, गोळ्या जास्त झाल्या का?’

‘न्हाई वो डॉक्टर, रोजच्यागत एकच घेतली.’

मावशी खरंच सांगतायत. यकृत रक्त पातळ करायच्या गोळीचा रोज निचरा करतं. मेट्रोनिडाझोलनं तो निचराच अडवला. घेतली एकच, पण अंगात साठत गेली. त्यात दुखण्याच्या गोळीनं जठराचं अस्तर सोललं, तिथून रक्त झिरपलं. रक्त पातळ करायच्या औषधाचा अतिडोस बऱ्याचदा असाच होतो, एकही गोळी जास्त न घेता.

रक्त तपासलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर; तो एरवी १ च्या आसपास असतो. अशा झडपेला तो साधारण २.५ ते ३.५ लागतो. मावशींचा ९ च्या वर.

(गोठ्यातली वैरण. दुधाचा कॅन.)

या औषधाचं मूळ वैरणीत आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरसलेला चारा खाऊन जनावरं रक्त वाहून मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. त्या चाऱ्यातलं द्रव्य तिथल्या प्रयोगशाळेनं पुढं वेगळं काढलं. त्याचाच भाऊबंद वॉरफरिन. १९४८ मध्ये तो उंदराचं औषध म्हणून बाजारात आला आणि १९५४ पासून माणसाला दिला जाऊ लागला. आपल्याकडं त्याच घराण्यातलं ॲसेनोकुमॅरॉल जास्त चालतं.

रक्त गोठवणारे काही घटक बनवायला यकृताला व्हिटॅमिन ‘के’ लागतं. ही औषधं नेमका त्याचाच वापर रोखतात. म्हणून उतारा व्हिटॅमिन ‘के’चा. पण इंजेक्शन कमरेत टोचायचं नाही, तिथंच रक्त साकळेल. ते सलाईनमधून, अर्ध्या तासाच्या सबुरीनं. भरभर सोडलं तर जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊ शकते.

आणि त्याचा गुण यायला काही तास जातात. तोवर तयार घटक बाहेरून द्यावे लागतात. रक्तपेढीतला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बर्फासारखा गोठवलेला असतो, तो कोमट पाण्यात वितळेपर्यंत अर्धा तास जातो. किलोमागं १० ते १५ मिली धरा, म्हणजे मावशींना तीन-चार पिशव्या. एवढं पाणी आधीच थकलेल्या हृदयाला झेपेल? धाप लागली तर? पीसीसी नावाचं औषध हेच घटक छोट्याशा मात्रेत देतं, काही मिनिटांत गुण येतो. फक्त ते महाग, आणि सगळीकडं मिळतंच असं नाही. मुलगा बिलाच्या खिडकीशी का उभा आहे, ते आता कळलं असेल.

खरी कसोटी पुढंच आहे. रक्त थांबवायच्या भरात व्हिटॅमिन ‘के’ सढळ हातानं दिलं, तर नेहमीची गोळी पुढं काही दिवस लागूच पडत नाही आणि त्या दिवसांत झडपेवर गुठळी धरू शकते. म्हणून इथले डॉक्टर तहानलेल्या रोपाला घालावं तसं, बेतानं देतात, पुन्हा आयएनआर बघतात, पुन्हा ठरवतात. रक्तस्राव थांबून काही दिवस गेले, की आधी हेपारिन हे गुठळी रोखणारं इंजेक्शन, मग हळूहळू जुनी गोळी.

नवव्या दिवशी मावशींना घरी सोडलं. आयएनआरच्या वहीत पुढची तारीख पडली. मेट्रोनिडाझोलची अर्धी पट्टी सिस्टरांनी पिशवीतून काढून घेतली.

‘अजून काही विचारायचंय, मावशी?’

‘दाढ तेवढी ऱ्हायलीच की वो.’