रीब्रीदरचा ऑक्सिजन मॉनिटर: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

नमस्कार. आजचा विषय खरं तर एका वाक्यात संपतो. रीब्रीदरच्या, म्हणजे सोडलेला श्वास परत वापरणाऱ्या डायव्हिंग मशीनच्या, ऑक्सिजन मॉनिटरमधे आकडा दाखवणारा भाग स्वस्तात होतो, टेबलावर बसून सोल्डरिंग करून होतो, पण आकडा जिथून येतो त्या सेलवर (म्हणजे ऑक्सिजनच्या सेन्सरवर, बॅटरीचा सेल नव्हे) काटकसर करायची नसते. आणि लोक नेमकं उलटं करतात. रंगीत डिस्प्ले, त्यात ब्लूटूथ (पाण्याखाली ब्लूटूथ कशाला देव जाणे), आणि सेल मात्र कुणाच्या तरी ड्रॉवरमधे कित्येक दिवस पडलेला.

सगळेच डायव्हर नाहीत इथे, म्हणून थोडं आधीपासून सांगतो. रीब्रीदरमधे सोडलेला श्वास बाहेर जात नाही, तोच परत फिरतो, कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम शोषून घेतं आणि शरीराने जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढा आपण भरायचा, मिनिटाला साधारण लिटरभर. तो कमी पडला तर माणूस बेशुद्ध होतो आणि वाईट भाग असा की आधी काही कळत नाही, दमही लागत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव करून देतो तो कार्बन डायऑक्साइड आणि तो तर आपण काढून टाकलाय. जास्त झाला तर झटके येतात, पाण्यात झटका आला की माउथपीस सुटतो, पुढचं सांगत नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनने झटके येतात हे पॉल बेअरने १८७८ मधे छापलं आणि हेन्री फ्ल्यूसचा ऑक्सिजन रीब्रीदरही त्याच सालचा. स्टार्क आणि कॅनविशर यांचा इलेक्ट्रोलंग, म्हणजे सेन्सर बघून स्वतः ऑक्सिजन सोडणारा रीब्रीदर, बाजारात आला १९६८ मधे. मधली ९० वर्षं काय केलं असेल विचार करा.

आपल्याला बघायचा असतो पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब, एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा. समुद्रसपाटीला हवेत ०.२१ बार. ०.१६ च्या खाली धोका, डाइव्हमधे १.३ च्या आसपास ठेवतात, १.६ च्या वर जायचंच नाही.

सेल म्हणजे शिसं, एक सोन्यासारख्या धातूचा इलेक्ट्रोड, मधे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पुढे टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत शिरतो, शिसं खर्च होतं, करंट तयार होतो, आणि आतल्या रेझिस्टर आणि थर्मिस्टरमुळे (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) बाहेर मिलिव्होल्ट मिळतात. हवेत साधारण ८ ते १३. एवढंच मोजायचंय, यात रॉकेट सायन्स काही नाही.

मोजायला ७१०६ चिपवाला साधा साडेतीन अंकी पॅनल मीटर पुरतो, जुन्या मल्टिमीटरमधे असतो तो. हा मीटर आलेला व्होल्टेज आणि त्याचा रेफरन्स व्होल्टेज यांचं गुणोत्तर काढतो आणि हजाराने गुणून दाखवतो. रेफरन्सचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून ४७.६ मिलिव्होल्टला आणला तर १० मिलिव्होल्ट देणारा सेल २१० दाखवेल, दशांश चिन्ह चार जागांपैकी पहिल्या जागेनंतर घेतलं की झालं ०.२१. कमाल आकडा १.९९९, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच रेंज. सेल बदलला की प्रीसेट परत फिरवायचा, तेच कॅलिब्रेशन. कोड नाही, हँग होणं नाही.

या मीटरची एक खोड सगळ्यांना खटकते, ज्या सर्किटचं मोजायचं त्याच सर्किटच्या बॅटरीवर तो नीट चालत नाही, त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी लागते. मला ती खोड आवडते. तीन सेल घ्यायचे, तीन मीटर, तीन बॅटऱ्या, एकमेकांत एकही वायर कॉमन नाही. एक मेला तरी दोघं बोलतात. लोक म्हणतात एडीएस १११५ सारखी, व्होल्टेज मोजून प्रोसेसरला आकडा देणारी सोळा बिटची चिप घे, चार चॅनल आहेत, तिन्ही सेल एकाच ठिकाणी. चिप उत्तम आहे, पण एक चिप, एक प्रोसेसर, एक बॅटरी, मग तीन सेल असून उपयोग काय?

बॅटरीवरून आठवलं. ७१०६ चा रेफरन्स साधारण ७ व्होल्टपर्यंत स्थिर राहतो, बॅटरी त्याखाली गेली की रेफरन्स खाली सरकतो आणि गुणोत्तर असल्यामुळे आकडा वर जातो. म्हणजे ऑक्सिजन कमी असताना मीटर भरपूर आहे म्हणून सांगणार. म्हणून बॅटरी मरेपर्यंत वापरायची नाही, स्वस्त गोष्ट आहे, बदला.

पाणी आत कुठून येतं? ओ रिंगमधून कमी, केबलमधून जास्त. मल्टिस्ट्रँड वायरचं टोक ओलं झालं की पाणी तारांच्या मधून, इन्सुलेशनच्या आतल्या आत चढत जातं आणि बॉक्सपर्यंत पोचतं, बाहेरून केबल कोरडी. म्हणून बॉक्समधे शिरायच्या आधी थोडं इन्सुलेशन सोलून तारा सोल्डरने भरायच्या आणि ती जागा इपॉक्सीत बुडवायची. बॉक्स तेलाने भरायची आयडिया काही जण सांगतात, ऑक्सिजनच्या जवळ मला तेल नकोच, त्यापेक्षा पूर्ण सर्किट इपॉक्सीत घाला आणि बॅटरी वेगळ्या कप्प्यात.

आता सेल. हॉस्पिटलच्या मशीनमधला आणि गाडीचा धूर तपासायच्या मशीनमधला सेल आतून याच जातीचा असतो, आणि तो डायव्हिंगवाल्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त मिळतो, म्हणून मोह होतो. (गाडीच्या सायलेन्सरला असतो तो लॅम्ब्डा सेन्सर वेगळा, तो तापवावा लागतो, त्याचं इथे काही काम नाही.) पण हे सेल कोरड्या गॅससाठी, एक बारच्या आसपास वापरायला बनवलेले, मागचं सर्किट बंदिस्त असेल तर दाब वाढल्यावर आतली हवा अडकते, पडद्यावर दव साचतं आणि आकडा गोठतो. नायट्रॉक्स अ‍ॅनालायझरला, म्हणजे सिलिंडरमधल्या जास्त ऑक्सिजनच्या हवेचं प्रमाण तपासायला, खुशाल वापरा. तोंडाला लावायच्या मशीनला नको. आणि नवा डायव्हिंग सेल घेतानाही बनवल्याची तारीख बघा, दुकानात पडल्या पडल्यासुद्धा शिसं खर्च होत असतं, साधारण वर्षभर वापरून टाकायचा तो.

तपासायचं कसं? हवेत जेवढे मिलिव्होल्ट त्याच्या ४.७८ पट शुद्ध ऑक्सिजनमधे यायला हवेत, १० असतील तर ४७.८. तिथे ४३ आले तर सेल थकलाय. पण ही परीक्षा १ बारपर्यंतचीच. जुना सेल १ बारला पास होतो आणि १.२ च्या वर जातच नाही, तुम्हाला पाहिजे १.३, तुम्ही ऑक्सिजन सोडत राहता, आकडा १.२ वर ढिम्म आणि प्रत्यक्षात लूपमधे (श्वास फिरतो त्या बंद मार्गात) १.८ झालेला. म्हणून तेवढ्या दाबासाठीच बनवलेल्या छोट्या भांड्यात सेल ठेवून साधी हवा भरायची, एकूण ७ बारला पीओटू १.४६ येतो, ऑक्सिजन दाबाखाली खेळवायची गरजच नाही. आणि पाण्यात शंका आली की लूप डायल्युएंटने, म्हणजे ऑक्सिजन पातळ करायला सोबत असलेल्या दुसऱ्या सिलिंडरच्या गॅसने, धुवायचा. हवा डायल्युएंट असेल तर २० मीटर खोलीवर ०.६३ दिसायला पाहिजे, तिन्ही मीटरवर. नाही दिसलं तर बेलआउटवर (सोबतच्या वेगळ्या आपत्कालीन सिलिंडरवर) जा आणि वर या, पाण्यात बसून कोणता मीटर खरा याचा हिशोब करू नका.

शेवटी तो प्रश्न, प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, की एवढं झालंच आहे तर याला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) जोडून ऑटोमॅटिक का नाही करायचं. करू नका. मीटर चुकला तर तुमच्याकडे अजून दोन मीटर आहेत, डोकं आहे, बेलआउट आहे. सोलेनॉइडला यातलं काहीच नसतं, तो चुकीच्या आकड्यावर गॅस सोडतच राहतो. हाताने ऑक्सिजन देणाऱ्या रीब्रीदरवर, त्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने, आधीच्या मॉनिटरच्या जोडीला म्हणून हे लावायचं. सर्किटचा कागद मागे टेबलावर ठेवलाय, फोटो काढून घ्या.